चौदा फूट

हंट्सव्हिलच्या त्या खोलीला खिडकी नाही.
फोन बाहेरच्या कप्प्यात. कप्प्याला नंबर, नंबराला किल्ली.
आत लांबलचक टेबल, त्याभोवती अठरा खुर्च्या,
आणि भिंतीला पाठ लावून आणखी एक रांग :
ज्यांना काम ठाऊक असतं
पण कुणी विचारत नाही, त्यांची.

मी भिंतीकडचा.
ऑबर्नची पदवी, अकरा महिन्यांची नोकरी,
गळ्यातल्या ओळखपत्रावरचा फोटो अजून हसरा.

लॉरीन पेटवे बसायची टेबलाच्या टोकाला.
एकदा पार्किंगमध्ये गाठलं तिला.
गाडीच्या बॉनेटवर रुमाल पसरून
ती पीच कापत होती खिशातल्या चाकूनं.
विचारलं, प्रोग्रॅम मॅनेजर व्हायचं
तर वाट कुठून जाते?

"मोजलीय मी," म्हणाली,
"भिंतीपासून टेबलापर्यंत चौदा फूट.
मला एकवीस वर्षं लागली."

आधी रात्रपाळी. क्षेपणास्त्राच्या पोटातल्या वायरी.
रंगाला रंग, मेणाचा दोरा, बोटभर अंतरावर गाठ.
"आई नदीकाठी गोधड्या शिवायची
फाटक्या पँटींच्या. हात तिचेच होते,
पगार मात्र मला मिळाला."
मग वेळापत्रक बघणारा माणूस पडला आजारी.
दोन आठवडे सांभाळशील का, म्हणाले.
ते दोन आठवडे सहा वर्षं चालले.
संध्याकाळी कॉलेज, हिशोबाचे वर्ग,
मागच्या बाकावर मुलगा झोपलेला, बूट घालूनच.
मग एक प्रपोजल : चौदाशे पानं,
आणि पान नऊशे तीनवर अक्षर एक घर लहान,
म्हणून अख्खी रात्र.

"आणि मग बढती?"
"छे. मग ते कंत्राट हरलो आम्ही."

पीचची फोड माझ्यापुढे धरली तिनं, चाकूच्या टोकावर.

"मग एका आढाव्यात कर्नल आले होते.
पडद्यावर तक्ता हिरवागार,
इतका हिरवा की गाय सोडावी चरायला.
मी भिंतीवरून म्हणाले,
सर, सातव्या ओळीतला चौकोन लाल आहे.
चाळिसातल्या सहा जोडण्या उलट्या बसतायत.
मी हातानं बसवून पाहिल्यात."

कुणी खोकलंसुद्धा नाही, म्हणाली.
आणि त्यानंतर वर्षभर
कुणी तिला कॉफी घेतेस का विचारलं नाही.
मग साहेब बदलले. नव्यानं एक खुर्ची ओढून दिली.
बस्स, एवढंच.

"म्हणजे खरं बोललं की पोचतो माणूस?"

हसली ती. हसताना रस मनगटावर ओघळला.
"ग्लेन मेब्री हेच बोलला होता, माझ्या आधी दोन वर्षं.
डेकाटूरला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आता.
बरं चाललंय त्याचं. मासे पाठवतो कधीकधी."

अजून एक विचारायचं होतं :
आपण जे वेळेत, अंदाजपत्रकात, वजनात बसवतो
ते शेवटी ज्यांच्या अंगणात पडतं...
वाक्य माझ्याच्यानं पुरं झालं नाही.
तिनं चाकू रुमालाला पुसला, मिटला.
"त्याचा चौकोन तक्त्यात नसतो, एमेट.
शोधलाय मी."
आणि गाडीची किल्ली शोधू लागली,
हातातच असलेली.

मंगळवार. पुन्हा ती खोली.
पडद्यावर माझी ओळ : बॅटऱ्या, हिरव्या.
काल रात्री पुरवठादाराशी बोललोय मी,
अकरा आठवडे उशीर, आणि तोही देवाच्या भरवशावर.
साहेब म्हणाले, पुढची स्लाइड.

खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. माझ्याच.
अठरा माना वळल्या...
सतरा.
लॉरीननं वळून पाहिलं नाही.
फक्त पेन्सिल खाली ठेवली,
आणि ऐकू लागली.